रिसीव्हर बघायचा तर बॉलवरची नजर काढा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मिलवॉकीहून मुलीला घेऊन दोन दिवस ग्रीन बेला गेलात आणि रे निच्की फील्डवर पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा सराव पाहिलात. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात त्यात, कोणीच न घेतलेल्या एका पोराने, रिसीव्हरने (फेकलेला बॉल झेलणारा तो रिसीव्हर), दोन दिवसांत एकही बॉल सोडला नाही. एक तर हवेत झेपावून एका हाताने घेतला, लोक उठून उभे राहिले. आणि दुसऱ्या फेरीत घेतलेल्या, सगळ्यांची आशा असलेल्या गड्याने तीन बॉल हातातून खाली टाकले. तुम्ही विचारता, निवड करणारे चुकले की मला खेळ कळत नाही? तुम्ही दोघांची नावं दिली आहेत, मी ती इथे घेत नाही. पोरं अजून नोकरीसाठी धडपडताहेत.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो. मी मूळचा डोंबिवलीचा. मुलगा हायस्कूलच्या संघात खेळायला लागला तेव्हा पाण्याच्या बाटल्या उचलायला म्हणून मैदानावर गेलो आणि तिथेच अडकलो. मुलगा खेळून मोकळा झाला, मी मात्र सोळा वर्षं त्याच मैदानावर रिसीव्हरना शिकवतोय. एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, दारात मीही तुमच्यासारखा प्रेक्षकच. पण दर ऑगस्टला दोन-तीन दिवस रजा टाकून वही घेऊन सीझनआधीच्या सराव कॅम्पला जातो, आणि त्या वहीने मला पुष्कळ वेळा तोंडघशी पाडलं आहे. त्यामुळे उत्तर द्यायला थोडाफार लायक आहे असं समजतो.

तुम्ही दोन खेळाडूंची तुलना करताय. त्याआधी बघायचं ते हे की तुमच्यासमोर चाललं होतं ते नक्की काय होतं. आपण सराव बघताना त्याला सामना समजून गुण देतो. कोच मात्र त्या वेळी कुणाला काहीतरी शिकवत असतो, नाहीतर मुद्दाम अडचणीत टाकून बघत असतो. आज कॉर्नरला, म्हणजे रिसीव्हरला रोखणाऱ्या बचावपटूला, सांगितलेलं असतं की फक्त आतली बाजू धर, बाहेरची सोडून दे. कठड्यापाशी उभं राहून हे आपल्याला दिसत नाही. आपल्याला दिसतं की रिसीव्हर बाहेरून मोकळा निघून गेला, आणि आपण टाळ्या वाजवतो.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे वन-ऑन-वन. एक रिसीव्हर, एक कॉर्नर, आणि क्वार्टरबॅकच्या, म्हणजे बॉल फेकणाऱ्याच्या, अंगावर धावून येणारं कोणी नाही. अर्धं मैदान रिकामं, रिसीव्हरला हव्या त्या दिशेने जायची मुभा आणि क्वार्टरबॅकच्या हातात हवा तेवढा वेळ. शिवाजी पार्कच्या नेटमध्ये फिल्डर नसताना कव्हर ड्राइव्ह मारणारे किती जण आपण पाहिलेत! जाळीला लागलेला प्रत्येक बॉल चौकारच असतो. या प्रकारात रिसीव्हर जिंकला तर मी वहीत काहीच लिहीत नाही. हरला, आणि रोज एकाच पद्धतीने हरला, तर लिहितो.

सेव्हन-ऑन-सेव्हन त्यापेक्षा बरं. त्यात मधले बचावपटू येतात, पण दोन्हीकडची लाइन (समोरासमोर भिडणारे आडदांड गडी) नसते, त्यामुळे घड्याळ खोटंच राहतं. खरी किंमत अकरा विरुद्ध अकराला. तिथेही एक गोम आहे. क्वार्टरबॅकच्या अंगात लाल जर्सी असते आणि त्याला हात लावायचा नसतो. सामन्यात जिथे तो आडवा झाला असता तिथे सरावात तो आणखी दोन पावलं सरकतो आणि लांब बॉल फेकतो. टाळ्या पडतात, संध्याकाळी फोनवर क्लिप फिरते. त्या क्लिपमध्ये मागे बचावाची लाइन हात वर करून चालत येताना दिसली, तर समजा तो बॉल खऱ्या सामन्यात सुटलाच नसता.

पॅडचंही, म्हणजे खांदे-छातीवरच्या संरक्षक कवचाचंही, तसंच. लीग आणि खेळाडूंमधल्या आताच्या करारानुसार कॅम्पचे पहिले दिवस हेल्मेट आणि चड्डीवर जातात, आणि पॅड घालून सराव अख्ख्या कॅम्पमध्ये जास्तीत जास्त 16 वेळा होतो. पॅड नसताना कॉर्नर छातीवर हात ठेवायला कचरतो. नियमाने पहिल्या पाच यार्डांत त्याला रिसीव्हरला ढकलता येतं. चपळ, अंगाने हलक्या पोरांची अर्धी जादू त्या पाच यार्डांतच विरते. शिवाय आपल्याच संघातल्या माणसाला सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा बचावपटू, जोरात धडक मारत नाही, शेवटच्या क्षणी थांबतो. मैदानाच्या मध्यात घेतलेला सुंदर झेल बघताना मी नेहमी डोळे जरा बाजूला वळवून सेफ्टी कुठे होता ते बघतो. तो दोन यार्डांवर थांबला असेल, तर सामन्यात तिथे त्याचा खांदा आला असता. तुमच्या पोराचा एका हाताचा झेल पॅडच्या दिवशीचा होता का? तुम्ही लिहिलेलं नाही.

आता माझी फजिती सांगतो. 2022. पॅकर्सचा तेव्हाचा क्वार्टरबॅक अॅरन रॉजर्स, त्याचा हुकमी रिसीव्हर दावांते अॅडम्स लास व्हेगासला गेला होता आणि पॅकर्सने ड्राफ्टमध्ये नवी पोरं घेतली होती. दुसऱ्या फेरीत 34 व्या क्रमांकावर ख्रिश्चन वॉटसन, चौथ्या फेरीत 132 व्या क्रमांकावर रोमिओ डूब्ज. वॉटसनच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, कॅम्पचे सुरुवातीचे आठवडे तो नुसता उभा. इकडे डूब्ज रोज काहीतरी करत होता. कॉर्नरच्या डोक्यावरून, साइडलाइनला बोटं टेकवत, एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाचा गुण देणारा पट्टा) कोपऱ्यात. माझी वही डूब्जने भरून गेली. मित्रांना सांगत सुटलो की चौथ्या फेरीत हिरा सापडला, दुसऱ्या फेरीतला वाया गेला. सीझनचा पहिलाच सामना मिनेसोटात. पॅकर्सच्या पहिल्याच खेळीत वॉटसन सगळ्यांना मागे टाकून मोकळा सुटला, रॉजर्सने बॉल बरोबर हातात टाकला, आणि त्याने तो सोडला. माझी छाती फुगली. म्हटलं, बघा, सांगितलं नव्हतं?

सीझनच्या शेवटी डूब्जचे 42 झेल, 425 यार्ड, 3 टचडाउन (बॉल एंड झोनमध्ये नेला की एक). वॉटसनचे 41 झेल, 611 यार्ड, 7 टचडाउन. त्यातले तीन नोव्हेंबरमध्ये डॅलसविरुद्ध एकाच दिवशी. डूब्ज वाईट निघाला असं मुळीच नाही, भरवशाचा निघाला. पण मला कॅम्पमध्ये जो दिसला होता, तो तसा निघाला नाही. आणि वॉटसनचा तो सुटलेला बॉल बघताना मी मुख्य गोष्टच बघितली नव्हती. पहिल्या सामन्याच्या पहिल्या खेळीला नवखा पोरगा पॅट्रिक पीटरसनसारख्या मुरलेल्या कॉर्नरला मागे टाकून मोकळा कसा झाला? एनएफएलच्या कॉर्नरला वेगाने मागे टाकणारे मोजकेच असतात. मी हातांकडे बघत बसलो, ती करामत पायांची होती.

त्यामुळे आता बॉल हवेत गेला की मी रिसीव्हरकडे बघणं सोडून देतो. मला जे बघायचं ते त्याआधीच्या दोन-अडीच सेकंदांत होऊन गेलेलं असतं.

पहिलं म्हणजे सुटका. समोर कॉर्नर नाकाला नाक लावून उभा आहे, त्याच्याजवळून हा निघतो कसा? आपल्याकडच्या लोकांना हे पटकन कळतं, कारण कबड्डीतला चढाईपटू हेच करतो. खांदा एकीकडे, नजर दुसरीकडे, पाय तिसरीकडे. चांगला चढाईपटू उगाच नाचत नाही, एक हुलकावणी देतो आणि समोरच्याचं वजन चुकीच्या पायावर गेलं की निघतो. नवा रिसीव्हर नाचतो. जागच्या जागी चार-पाच पावलं आपटतो, लोकांना ते फार चपळ वाटतं, आणि तेवढ्यात क्वार्टरबॅकचा वेळ संपतो. मी पावलं मोजतो. एक हुलकावणी आणि पुढे, तर बरोबरची खूण. पाच पावलं आणि मग पुढे, तर सप्टेंबरमध्ये बॉल दुसऱ्याला जाणार.

दुसरं, वळण. बारा यार्ड सरळ पळून थांबायचं आणि मागे फिरायचं, असा रूट, म्हणजे पळायची ठरलेली वाट, असतो. पूर्ण वेगातला माणूस किती पावलांत थांबतो? जमणारा कंबर खाली बसवतो आणि दोन-तीन पावलांत थांबतो, छाती गुडघ्यांच्या वर राहते. न जमणारा आधी ताठ होतो, मग लहान लहान सहा-सात पावलं टाकत थांबतो. ताठ झाल्याक्षणी कॉर्नरला कळतं की हा आता थांबणार. चाळीस यार्डांच्या शर्यतीत हे दिसतच नाही. जॉन रॉसने 2017 च्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणीत, 4.22 सेकंदांचा विक्रम केला, सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं, आणि पहिल्या सीझनमध्ये त्याच्या नावावर एकही झेल नव्हता. दुखापतीही होत्या, सगळा दोष पायांच्या ठेवणीवर टाकणं अन्यायाचं होईल. पण नुसत्या सरळ वेगावर विसंबायचं नाही, एवढं मी त्यावरून धरतो.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. एका उन्हाळ्यात आमच्या हायस्कूलच्या सेव्हन-ऑन-सेव्हनमध्ये एक पोरगा अक्षरशः कुणाच्या हाती लागत नव्हता. दुसरा एक होता, उंच, जरा मंद वाटणारा, पण रूटची खोली यार्डाने चुकू न देणारा. मी मुख्य कोचला पटवून पहिल्याला सुरुवातीच्या फळीत घातलं. पहिल्या सामन्यात समोरच्या कॉर्नरने पॅड घालून त्याला पहिल्याच पावलावर धरलं, आणि अर्ध्या वेळापर्यंत आमच्या क्वार्टरबॅकने त्याच्याकडे बघणंही सोडून दिलं. दुसरा पोरगा मध्यंतरानंतर आला आणि उरलेला सीझन तोच खेळला. पहिल्याचा चेहरा मला अजून आठवतो. चूक त्याची नव्हती. मी चड्डीतला खेळ बघून पॅडमधल्या खेळाचा अंदाज बांधला होता.

आता टाकलेल्या बॉलकडे येऊ, तुमची खरी चिंता तीच आहे. टाकलेले सगळे बॉल मी एका मापाने मोजत नाही. बॉल येण्याआधीच पळायची दिशा बघायला मान वळली आणि सुटला, हा घाईचा झेल. कोच ओरडतो, महिन्याभरात सुधारतो. पण हात शरीराजवळच ठेवून बॉल छातीवर घ्यायची सवय असेल तर मला काळजी वाटते, कारण पॅडवरून बॉल उडतो आणि ती सवय शाळेपासूनची असते. वरून येणाऱ्या बॉलला अंगठे जवळ, खालून येणाऱ्याला करंगळ्या जवळ, आणि कोपर अंगापासून सुटलेलं. हे ठीक असेल तर तीन काय, पाच सुटले तरी मी झोपतो.

जामार चेसचा ऑगस्ट 2021 आठवा. त्याने 2020 चा कॉलेज सीझन खेळलाच नव्हता. सिनसिनाटीने पाचव्या क्रमांकावर घेतलं, आणि प्रीसीझनच्या एका सामन्यात त्याने तीन बॉल टाकले. त्याने कारण सांगितलं की कॉलेजच्या बॉलवर पांढरे पट्टे असतात, इथे नाहीत, बॉल दिसायला वेळ लागतो. लोकांनी त्याला धुऊन काढलं. मीही हसलो होतो. त्याच सीझनमध्ये 81 झेल, 1455 यार्ड, 13 टचडाउन, आणि कॅन्सस सिटीविरुद्ध एका सामन्यात 266 यार्ड. जेरी राइससुद्धा 1985 मध्ये आला तेव्हा बॉल टाकायचा, घरच्याच प्रेक्षकांच्या शिव्या खायचा. पुढे त्याच्या नावावर 22,895 यार्ड जमा झाले. म्हणून टाकणारा प्रत्येक जण राइस असतो असं नाही, टाकून टाकून घरी गेलेल्यांची नावं आपल्याला आठवत नाहीत इतकंच. पण दोन दिवसांच्या तीन बॉलांवरून मी कुणाचं पानिपत लिहिणार नाही.

आणि काही "टाकलेले" बॉल मुळात रिसीव्हरचे नसतातच. आजचे बरेच रूट धावता धावता बदलतात. मागे दोन सेफ्टी दिसले तर थांबायचं, एकच दिसला तर पुढे जायचं. क्वार्टरबॅकने एक वाचलं, रिसीव्हरने दुसरं, तर बॉल रिकाम्या गवतावर पडतो. चूक कोणाची हे प्रेक्षकांत बसून सांगता येत नाही. मी त्यानंतर कोच कोणाजवळ चालत जातो ते बघतो. क्वार्टरबॅक हातवारे करून कुणाला समजावतो, की मान हलवून स्वतःच्या छातीवर हात ठेवतो, तेही. एकच चूक तीन दिवसांनी पुन्हा झाली, तर ती वहीत जाते.

तुमच्या न निवडलेल्या पोराबद्दल मला पहिला प्रश्न हा पडला: तो कोणाबरोबर आणि कोणासमोर खेळत होता? कॅम्पला 90 जण असतात, ऑगस्टअखेर 53 उरतात. तिसऱ्या फळीचा क्वार्टरबॅक तिसऱ्या फळीच्या कॉर्नरसमोर बॉल फेकतो, त्यातला निम्मा बचाव सप्टेंबरमध्ये दुसरीकडे काम शोधत असतो. त्या गर्दीत चमकणं वाईट नाही, पण बक्षीस म्हणून काय मिळालं ते बघा. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या फळीत असलेला पोरगा तिसऱ्या आठवड्यात पहिल्या क्वार्टरबॅकबरोबर दोन-चार खेळी तरी खेळतोय का? कोच तोंडाने सगळ्यांचंच कौतुक करतात. त्यांचं खरं मत जागा देण्यात कळतं.

दुसरं, तो पंटच्या, म्हणजे बॉल लाथेने समोरच्यांकडे लांब उडवण्याच्या, वेळी मैदानात असतो का? संघ रिसीव्हर ठेवतात पाच किंवा सहा. पहिल्या तिघांना बॉल मिळतो. चौथा-पाचवा टिकतो तो किक परत आणून, पंटमागे पळून, दुसऱ्यासाठी ब्लॉक करून. याच ग्रीन बेमध्ये जेफ जॅनिस नावाचा सातव्या फेरीतला गडी कॅम्पमध्ये सगळ्यांचा लाडका होता. उंच, वेगवान, छोट्या कॉलेजमधून आलेला. मी त्याच्यासाठी भांडलोय. जानेवारी 2016 मध्ये अॅरिझोनातल्या प्लेऑफला त्याने शेवटच्या मिनिटात दोन लांब बॉल घेऊन सामना ओव्हरटाइममध्ये नेला. त्या एका रात्री 145 यार्ड. पण चार नियमित सीझनमधले त्याचे झेल विशीच्या आत आहेत. संघात तो टिकला तो पंटमागे पळण्याच्या जोरावर. रूटमध्ये तो बरोबर जागी असेल याचा भरवसा क्वार्टरबॅकला वाटला नसावा, असं माझं मत. लांबून केलेलं मत आहे, तेवढीच त्याची किंमत.

उलटंही होतं. व्हिक्टर क्रूझ 2010 मध्ये न निवडलेला, जेट्सविरुद्धच्या प्रीसीझन सामन्यात 145 यार्ड आणि तीन टचडाउन करून गेला. तो सीझन दुखापतीत गेला, पुढच्या वर्षी 1536 यार्ड. तेव्हा तुमचा पोरगाही खरा निघू शकतो. दुसऱ्या संघाबरोबरचा एकत्र सराव असेल तर तो जरूर बघा. आपल्याच संघाचे कॉर्नर दोन आठवड्यांनी आपले डाव पाठ करून बसतात, रूट सुरू व्हायच्या आधीच तिथे पोचतात, आणि चांगला रिसीव्हर उगाच वाईट दिसतो. परक्या कॉर्नरला काही माहीत नसतं आणि तो हातही राखून ठेवत नाही.

बाकी बरंच परिस्थितीवर आहे आणि तिथे मी ठाम बोलणार नाही. स्लॉटमधल्या, म्हणजे कडेऐवजी आत लाइनजवळ उभ्या राहणाऱ्या, पोराला पहिल्या पावलावर धक्का कमी बसतो, तो चड्डीत आणि पॅडमध्ये जवळजवळ सारखाच दिसतो. कडेला एकटा उभा राहणारा तसा नसतो. दुखरा घोटा लपवून खेळणारे असतात. आणि वेळ. मी ज्याला गेलेला धरलं होतं तो दावांते अॅडम्स दुसऱ्या वर्षी, 2015 मध्ये, घोटा दुखावून, बॉल टाकत 483 यार्ड आणि एका टचडाउनवर अडकला होता. पुढच्याच वर्षी 997 यार्ड, 12 टचडाउन. त्या दुसऱ्या वर्षीही त्याची सुटका बघायला मी सरावाला जायचो, ती सुंदरच होती. तरी मी बॉल मोजत बसलो.

गुरुवारी पुन्हा जाणार असाल तर आधी पॅड आहेत का ते बघा. साइडलाइनच्या मध्यावर बसू नका, एंड झोनच्या टोकाला जा. तिथून रिसीव्हर सरळ तुमच्याकडे येतो आणि कंबर कशी बसते ते नीट दिसतं. तुमच्या दुसऱ्या फेरीतल्या गड्याचे फक्त थांबायचे रूट बघा, बॉल आला की मान फिरवून कॉर्नरला बघा. न निवडलेल्याला पंटच्या वेळी शोधा. मुलीला सायकल घेऊन जा म्हणावं, खेळाडू लॅम्बो स्टेडियमहून सरावाच्या मैदानापर्यंत पोरांच्या सायकलींवर जातात. रांग लवकर लागते, आणि तिची सायकल कोणाच्या वाट्याला येईल हे कोचलाही ठाऊक नसतं.